रोग ओळखणारे डोळे

अंबाजोगाई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पुण्याच्या धबडग्यातून एवढं सविस्तर लिहिलंस, फार बरं वाटलं. हिवताप, हत्तीरोग कमी होत चाललेत, मग प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना नि टेक्निशियनना ते पुन्हा शिकवत का बसतोस, असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो.

कमी झालेत म्हणूनच शिकवावं लागतं, गड्या. नारूचा दोरा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे, हे आपल्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायलं की सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या बारीक जिवाबरोबर नारूची अळी पोटात जायची आणि वर्षभराने पायातून जंत बाहेर पडायचा. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला; २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. लस नव्हती, मारणारं औषध नव्हतं. गाळलेलं पाणी, हातपंप, सायक्लॉप्स मारायला विहिरीत टाकलेलं टेमेफॉस आणि दारोदार फिरून रुग्ण हुडकणारी माणसं, एवढ्यावर तो गेला. हिवताप, हत्तीरोग अजून गेलेले नाहीत, आणि हुडकणारी ती पिढी मात्र निवृत्त होत चालली आहे. झोप उडते ती याने.

आमची सुरुवात रक्त तपासायच्या काचपट्टीपासून होते. रक्ताचा जाड थेंब छापील कागदावर धरला तर खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. पातळ फिल्म मिथेनॉलने पक्की करायची, जाड थेंबाला ते चुकूनही लागू द्यायचं नाही; लागलं की रक्तपेशी फुटत नाहीत आणि जंतू दिसायचा राहून जातो. आता हिवतापाचं रॅपिड टेस्ट किट आहे, पाव तासात उत्तर देतं, ते हवंच. पण हत्तीरोगाचा सूक्ष्म जंत रात्रीच रक्तात उतरतो. नांदेड-लातूरकडे रात्री दहानंतर झोपलेल्या माणसाला उठवून बोट टोचायचं, तर टोचणाऱ्याला कारण समजलेलं असायला हवं. तरच तो समोरच्याला ते समजावून सांगेल. हत्तीरोगाच्या गोळ्यांचंही तसंच. गोळी घेतल्यावर एखाद्याला ताप आला, गरगरलं, तर जंत मरताहेत म्हणून, हे आशाताईने आधीच सांगितलेलं असलं की पुढच्या वर्षी दार बंद होत नाही. आणि ज्यांचा पाय आधीच सुजलाय, त्यांना रोज साबणाने पाय धुणं, बोटांमधली जागा कोरडी करणं, पाय उंच ठेवून झोपणं शिकवायचं. एवढ्यानेही पुन्हा पुन्हा येणारा ताप आणि ठणका कमी होतो. हे डॉक्टरपेक्षा सिस्टर छान शिकवतात.

माझा सगळ्यात जास्त वेळ मात्र ऊसतोडीवाल्यांवर जातो. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे निघतात, कोप्यांत राहतात. फडात उंदरांच्या मुताने माखलेला चिखल आणि पायाला पाचटाच्या चिरा, म्हणजे लेप्टोची, लेप्टोस्पायरोसिस या तापाची, वाट मोकळी. गवतातल्या बारीक किडीच्या अळीने चावलं तर स्क्रब टायफस हा ताप. त्याची खूण म्हणजे एक काळी खपली, विडीच्या चटक्यासारखी, आणि ती असते काखेत, जांघेत, छातीखाली. दुखत नाही, म्हणून बाई स्वतः सांगत नाही. पुरुष डॉक्टर कपडा बाजूला करायला लावत नाही. सिस्टरने आडोशाला नेऊन पाहिलं की सापडते. त्यावरचं औषध डॉक्सीसायक्लिन स्वस्त आहे, बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर माणूस हातचा जातो. म्हणून केसपेपरवर नुसतं गावाचं नाव नको. कोणत्या फडावर होतात, कुठे झोपत होतात, कधी परतलात, हे विचारायचंच. व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापात तर पुढे कुठे जाणार, हेही विचारावं लागतं. त्यावरचं औषध प्रायमाक्विन चौदा दिवसांचं, आणि टोळी मधेच हलून गोळ्या अर्ध्यावर राहिल्या तर यकृतात लपलेला जंतू पुन्हा उठतो.

रोनाल्ड रॉसला २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला तो सिकंदराबादेत. तेव्हा आपला मराठवाडाही त्याच निजामी राज्यात होता. मी हे वर्गात सांगतो, तेव्हा पोरं मायक्रोस्कोपवर जरा जास्त वेळ बसतात.

आता तुझ्याकडे मागणं. तू मेंदूचा डॉक्टर. इकडे फिट आली की बाहेरचं झालं म्हणतात, आणि आपले तरुण डॉक्टर माळकऱ्याच्या डोक्यात डुकराच्या फीतकृमीचं सिस्ट, म्हणजे अळीची गाठ, असेल हे मनातच आणत नाहीत. अंडी मांसातून येत नाहीत, जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून हाताला, पाण्याला, भाजीला लागून येतात, हे तुझ्या तोंडून त्यांना पटेल. तुझ्याजवळचे सीटी स्कॅन घेऊन ये, रुग्णांची नावं झाकून. दसऱ्याच्या आधीच ये, टोळ्या हलायच्या आत, म्हणजे आशाताईंनाही बोलावता येईल. मुक्काम आमच्याकडेच. तारीख कळव, मी वर्ग त्याप्रमाणे लावतो.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
वसतिगृहातला शेजारी