नकाशावर खोड दिसतं, मुळं दिसत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुण्यातल्या प्रभात रस्त्याच्या इतिहासावर आलेला लेख मी दोनदा वाचला. डेक्कन जिमखाना 1906 सालचा, भांडारकर संस्था 1917 ची, लॉ कॉलेज 1924 चं, आणि 1933 साली कोल्हापूरहून इथे आलेल्या प्रभात फिल्म कंपनीमुळे रस्त्याला नाव मिळालं, हे सगळं त्यात आहे. पण शेवटी लेखकाने म्हटलंय की निसर्गाने या भागाला भरभरून हिरवाई दिली. त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

मी 71 वर्षांचा आहे. प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत, बंगल्याच्या आउटहाउसमध्ये माझा जन्म झाला. वडील तिथे माळी होते. आजोबांची भातखाचरं मुळशीच्या धरणात गेली. सेनापती बापटांनी त्यासाठी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. वडील 1948 साली कामाच्या शोधात पुण्याला आले आणि बंगल्याच्या मालकांनी त्यांना ठेवून घेतलं. पुढे मीही हेच काम केलं. या गल्ल्यांमधल्या तीस-पस्तीस बागांना माझा हात लागलाय.

निसर्गाने इथे काय दिलं होतं ते सांगतो. टेकडीचा उतार, वीतभर माती आणि खाली मुरूम. टेकडीवर आजही पावसाळ्यानंतर कुसळी गवत उगवतं, तसलीच ही जमीन. वडील सांगायचे, एक आंब्याचं रोप लावायला तीन हात खोल खड्डा पहारीने फोडावा लागायचा. दोन दिवस जायचे. मग नदीकाठचा गाळ बैलगाडीने आणायचा, शेणखत मिसळायचं, खड्डा भरायचा आणि एक पाऊस बसू द्यायचा. रोप त्यानंतर. तीन उन्हाळे रहाटाने पाणी ओढून घालायचं. एका बंगल्यात दहा-बारा झाडं धरली, तर किती खड्डे आणि किती घागरी झाल्या, त्याचा हिशोब कोणी लिहून ठेवलेला नाही.

मालकांचंही श्रेय आहेच. नदीपल्याड राहायला येणं तेव्हा गावाबाहेर जाणं होतं. शहरात वाड्याला वाडा चिकटलेला, प्लेगची आठवण ताजी, म्हणून इथे प्लॉटच्या मधोमध घर आणि चारी बाजूंनी मोकळी जागा अशी रचना झाली. कोणी बकुळ लावली, कोणी कैलासपती, कोणी फाटकाशी बुचाचं झाड. आमच्या मालकीणबाईंनी परसात फणस लावायला सांगितला आणि पहिला फणस वडिलांच्या हातात दिला. घर लहान, आवार मोठं. सावली त्या आवारात वाढली.

आवारात विहीर असायची. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. लकडी पूल पाण्याखाली गेला. आमच्या गल्लीपर्यंत पाणी चढलं नाही. पण त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं, आणि सगळीकडे चिखल असताना शहराच्या नळाला मात्र पाणी नव्हतं. आमच्या आवारातल्या विहिरीवर रांग लागली. वडील आणि मालकांचा मोठा मुलगा आळीपाळीने रहाट ओढत होते. मी लोकांच्या कळश्या ओळीने लावत होतो. किती दिवस चाललं ते आठवत नाही, पण वडिलांच्या तळहाताला आलेले फोड आठवतात. त्या विहिरीत पाणी होतं, कारण आवारात पडलेला पाऊस आवारातच मुरत होता.

ती विहीर 1983 साली बुजवली. बंगला पाडून तिथे तीन मजली सोसायटी झाली. या भागात तेव्हा पुष्कळ ठिकाणी तसंच झालं. तरी त्या इमारतींनी कडेची माती ठेवली होती. गाड्या कमी होत्या, स्कूटरी जिन्याखाली राहायच्या. आमचा फणस, दोन आंबे आणि फाटकाजवळचा वर्षावृक्ष त्या बांधकामातून वाचले.

आता त्याच सोसायट्या पाडून दहा-अकरा मजली इमारती होतायत. पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. ज्यांच्या बागा मी केल्या ती माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत, इमारतीला लिफ्ट नाही, दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावं लागतं. त्यांना चांगलं घर मिळायलाच हवं.

माझं भांडण खड्ड्याशी आहे. गाड्यांसाठी तळघर खणतात ते जवळजवळ कुंपणाच्या भिंतीपर्यंत. झाड तोडलं नाही असं सगळे सांगतात आणि ते खरं असतं. नकाशावर झाड म्हणजे एक छोटं वर्तुळ, खोडाएवढं. पण झाडाला अन्नपाणी देणारी बारीक मुळं वरच्या दोन-अडीच फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. खोडापासून चार फुटांवर जेसीबीने सरळ काप घेतला की एका बाजूची मुळं गेली. उरलेल्या बाजूला पेव्हर ब्लॉक, तेही बुंध्याला भिडवून. झाड लगेच मरत नाही. आधी शेंड्याची पानं बारीक होतात, मग शेंडा वाळतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी एखाद्या वळवाच्या रात्री ते मुळं कापलेल्या बाजूच्या उलट कोसळतं. सकाळी लोक म्हणतात, झाड जुनं झालं होतं, पोकळ होतं. आमचा वर्षावृक्ष असाच गेला. पडल्यावर मी बुंधा पाहिला. आतून लाकूड घट्ट होतं.

झाडांच्या जतनाचा कायदा राज्यात 1975 पासून आहे. 2021 साली त्यात बदल होऊन 50 वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं गेलं. चांगलं झालं. पण पहारा खोडावर आणि घाव मुळांवर, असं चाललंय. पुनर्रोपणाचंही तसंच. या भागातून उचलून नेलेली तीन मोठी झाडं मी स्वतः जाऊन पाहिली. एकाला पालवी होती, दोन नुसते खुंट उभे होते.

महापालिकेकडे माझं मागणं साधं आहे. परवानगीच्या नकाशावर खोडाबरोबर फांद्यांचा घेरही काढायला लावा आणि त्या घेरात तळघर, टाकी, फरशी यांपैकी काही येऊ देऊ नका. तेवढ्या चार गाड्यांची जागा कमी होईल. आवारात जुनी विहीर असेल तर ती बुजवू नका, छतावरचं पाणी गाळून तिच्यात सोडा. आणि बांधकाम चालू असताना उन्हाळ्यात झाडाला आठवड्यातून दोनदा पाणी देण्याची जबाबदारी कागदावर कोणाच्या तरी नावाने लिहा. आज ती कोणाचीच नसते.

आमच्या जुन्या आवारात सध्या पत्रे लागलेत. फणस अजून उभा आहे, खड्डा त्याच्यापासून सात फुटांवर येऊन थांबलाय. राखणदाराच्या परवानगीने मी रोज सकाळी त्याला पाणी घालतो. आपल्या बातमीदाराला पाठवा. सात ते साडेआठ मी तिथेच असतो.

आपला,
एरंडवण्यातला एक माळी