तवा आधी तापू दे

सोलापूर,
२८ एप्रिल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, दुपारी जेवावंसंच वाटत नाही, नुसतं ताक पिऊन पडते." तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. इथल्यापेक्षा पुण्याचं ऊन सौम्य, असं तुझे बाबा म्हणतात. पण तुझी खोली वरच्या मजल्यावर आहे आणि डोक्यावर गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो, हे मी बघून आलेय. मग तूच विचारलंस, आजीला आवडते ती भाजलेल्या फळांची कोशिंबीर कशी करतेस? मी सांगायला सुरुवात केली आणि तुझी बस आली. म्हणून आता सावकाश लिहितेय. तुझ्या मैत्रिणी तिला ग्रिल्ड फ्रूट सॅलड म्हणतात, तसं म्हण हवं तर.

आधी आजीचं सांगते, कारण ही कोशिंबीर या घरात तिच्यामुळेच आली. गेल्या वर्षी मे महिन्यात तिनं भाकरी सोडली, आमटीचा वाससुद्धा तिला नको वाटे. फळं द्यावीत तर अननसानं जीभ चुरचुरायची आणि करकरीत फोड कवळीखाली यायची नाही. तेव्हा मला मामाकडच्या लग्नात खाल्लेला तंदुरी अननस आठवला. म्हटलं, भाकरीच्या तव्यावर भाजून बघू. पहिली चकती तिच्या ताटात ठेवली, तिनं खाल्ली आणि म्हणाली, "अजून घाल गं, लई गोड झालंय." त्या दिवशी तिनं चार चकत्या खाल्ल्या. मला रडू आलं होतं, तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

फळ भाजणं आपल्याला काही नवं नाही. माझी आई चुलीतले निखारे बाजूला ओढून गरम राखेत कैऱ्या पुरायची. साल काळी पडून सुरकुतली की बाहेर काढायची, आणि त्या गराचं पन्हं. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्याला तो धुरकट वास कधीच येत नाही. तोच वास तुला या कोशिंबिरीत आणायचा आहे.

फळं घेताना घट्ट बघून घे. इथे मी लक्ष्मी मंडईत जाते, तू तुझ्या कोपऱ्यावरच्या गाडीवरून घे, पण घाई करू नकोस. अननस बुडाशी हुंगायचा, वास यायला हवा पण बोट रुतता कामा नये. आंबा पाडाचा हवा, म्हणजे आत पिवळा झालेला पण अजून कडक, थोडी आंबट धार असलेला. पिकून मऊ झालेला आंबा तव्यावर नुसता लगदा होतो, तो तू तसाच खा. केळं आणि पिकली पपई यांच्या वाटेला जाऊ नकोस. दोघींना पुरायला अर्धा अननस, एक आंबा आणि कलिंगडाच्या चार जाड फोडी भरपूर झाल्या. एक कांदाही घे, त्याच्या चकत्या फळांबरोबरच भाजायच्या.

कलिंगडाचं नीट ऐक, कारण तिथेच माझं पहिल्यांदा फसलं. त्यात शंभरातले ब्याण्णव भाग पाणीच असतं. मी फोडी थेट तव्यावर टाकल्या, आणि तवाही धड तापलेला नव्हता. पाणी सुटलं, फोडी त्यात शिजल्या, आणि शेवटी ना भाजलेलं ना ताजं असं काहीतरी ताटात पडलं. आता मी बोटभर जाडीच्या फोडी करते, वर चिमूट मीठ भुरभुरवून वीस मिनिटं चाळणीत ठेवते. पाणी गळून गेलं की कोरड्या कापडानं टिपून घेते. जाताना मी तुझ्या बॅगेत सोलापुरी टॉवेलचे दोन छोटे नॅपकिन घातले होते, ते याला उत्तम. अननस आणि आंबाही टिपून घे.

एवढं टिपायचं कशाला, तर त्याला कारण आहे. फळावर ओल आहे तोवर त्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जातच नाही, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. फळातली फ्रुक्टोज साखर तांबूस व्हायला लागते ती ११० अंशांच्या आसपास, आणि आपली नेहमीची साखर १६० च्या पुढे. म्हणून फळ कोरडं आणि तवा कडकडीत, दोन्ही हवं. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळाला पाहिजे. तुझ्या इंडक्शनवर बिडाचा तवा चालतो, ॲल्युमिनियमचा चालणार नाही. मी दिलेला आहेच. तवा मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं रिकामा तापू दे, मग फळ ठेव. आणि तेल तव्यावर ओतायचं नाही, फळाला बोटानं चोळायचं. शेंगदाण्याचं चमचाभर पुरतं. तव्यावर ओतलेलं तेल जळतं आणि त्याचा धूर खोलीत कोंडतो.

फळ ठेवलंस की हात बांधून उभी राहा. उलथनं घालायचं नाही, दाबायचं नाही. कच्चं असताना ते तव्याला धरून बसतं आणि ओढलं की फाटतं. खालून साखर तांबूस झाली, की आपण होऊन सुटतं. अननसाला तीन मिनिटं, आंब्याला दोन, कलिंगडाला जेमतेम दीड, मग उलटून तेवढंच. कडा तपकिरी हव्यात. काळ्या झाल्या तर कडू लागतात, तेवढा भाग काढून टाक.

अननसाची चकती करंगळीपेक्षा जाड कापू नकोस, म्हणजे उष्णता आतपर्यंत पोचते. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं तोडतं, म्हणून जीभ चुरचुरते. म्हणूनच कच्चा अननस दह्यात घातला की थोड्या वेळानं दही कडू होतं. तुला आठवत असेल, एकदा आपलं अख्खं पातेलंभर रायतं वाया गेलं होतं. अननस सत्तर अंशांच्या वर नीट तापला की ब्रोमेलेनचा जोर संपतो. भाजलेला अननस चक्क्यात घाल, पनीरबरोबर खा, काही बिघडत नाही. आजीला चुरचुरलं नाही ते यामुळेच.

डाळिंब मात्र भाजायचं नाही. दाणे वरून कच्चेच, शेवटी. बाबांबरोबर गाडीतून केगाववरून जाताना राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची पाटी दिसली की तू विचारायचीस, "डाळिंबांची पण शाळा असते?" २००५ मध्ये ते केंद्र इथे सुरू झालं, तू तेव्हा दोन वर्षांची. २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, तर बाबांनी घरी पेढे आणले होते! सध्या हस्त बहाराची, म्हणजे पावसाळा सरताना फुललेल्या झाडांची, शेवटची फळं येतायत. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्यांची, यायला दिवाळीच्या पुढे जावं लागेल. सांगोल्याकडची दोन घेतली आहेत तुझ्यासाठी. एका डाळिंबाचे दाणे काढून ठेव. दुसऱ्याचा रस छोट्या पातेल्यात मंद आचेवर आटव, चमच्याला चिकटेल इतका. साखर घालू नकोस, आटल्यावर त्याचाच आंबटगोडपणा पुरतो.

त्या आटीव रसात अर्ध्या लिंबाचा रस, चिमूट सैंधव, थोडी भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि दोन चमचे शेंगा चटणी कालव. चटणी आपलीच, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. बाजारच्या कोरड्या पुडीनं ती चव येत नाही. तिखट, लसूण आणि शेंगदाणा त्या जळक्या गोडीवर असा बसतो की दुसरं काही लागत नाही.

भाजलेली फळं ताटलीत पसरून पाच मिनिटं निवू दे, ढीग करू नकोस, वाफेनं मऊ पडतात. मग मोठ्या भांड्यात काकडीच्या फोडी, हातानं तोडलेला पुदिना, भाजलेला कांदा, फळं. पोटभरीला पनीर किंवा मोड आलेले मूग हवेतच, नुसत्या फळांवर दुपार निघत नाही. तो कालवलेला डाळिंबाचा रस वरून घालायचा तो अगदी खायला बसताना. आधी घातलास तर मिठानं पाणी सुटून सगळं गळतं. सर्वांत शेवटी कडक भाकरीचा चुरा, मोठे मोठे तुकडे. परदेशात लोक यासाठी पावाचे तुकडे परततात म्हणे. आपल्या ज्वारीच्या कडक भाकरीपुढे मला तो पाव काही पटत नाही.

केलेलं लगेच संपव. या उन्हात कापलेलं, भाजलेलं फळ तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, उरलं तर फ्रिजमध्ये, आणि संध्याकाळपर्यंत खाऊन टाकायचं.

आणि एक. सुट्टीत घरी आलीस की गच्चीवर कोळशाची शेगडी पेटवू. निखाऱ्यावर पांढरी राख चढली की त्यावर जाळी, जाळीवर अननस. ती चव तव्याला येत नाही. पण तिकडे मैत्रिणींच्या नादानं खोलीत शेगडी पेटवायची नाही. बंद खोलीत कोळशाचा वायू साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. माझी शपथ आहे.

बाबांच्या ओळखीचे एक काका गुरुवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघालेत. त्यांच्याकडे वीस कडक भाकऱ्या, शेंगा चटणीची बरणी आणि ती दोन डाळिंबं देतेय. स्टेशनवर साडेदहाच्या आत पोच, त्यांना पुढे जायचं आहे. बरणी काचेची आहे, जपून ने. शुक्रवारी दुपारी कोशिंबीर कर, आणि काय काय खाल्लंस ते आजीला फोन करून सांग. ती वाट बघेल.

तुझी,
आई