एफ १.२ च्या नादाला लागण्याआधी

संपादक महोदय,

कमी उजेडात पोर्ट्रेट काढायला कुठली लेन्स घेऊ असं कुणालाही विचारा, एकच उत्तर येतं, एफ नंबर (लेन्सचं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर किती उघडतं त्याचा आकडा, आकडा लहान तेवढं भोक मोठं) जेवढा लहान तेवढी भारी. अर्धंच खरंय ते. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स ५० एमएमपर्यंत झूम केली की बहुतेकदा एफ ५.६ च्या आसपास अडकते, तिच्या जागी ५० एमएम एफ १.८ लावली की जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाला दाद देण्याची पातळी) ६४०० करून चेहऱ्यावर नुसते दाणे यायचे तिथे ६४० वर भागतं. हा फरक डोळ्यांना दिसतो. पण १.८ वरून १.४ ला गेलात की मिळतो जेमतेम पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), १.४ वरून १.२ ला त्याहूनही कमी, वजन आणि किंमत मात्र दणकून वाढते.

आणि मुख्य गोष्ट विकणारा सांगतच नाही. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ८५ एमएम एफ १.४ ने दीड मीटरवरून चेहरा घेतला तर शार्प येतो तो अडीच-तीन सेंटीमीटरचा पट्टा, बस. समोरच्याने मान जराशी तिरकी केली की अलीकडच्या डोळ्याच्या पापण्या मोजून घ्याव्यात आणि पलीकडचा डोळा पार धूसर, त्यात फोकस लॉक करून मग तुम्ही फ्रेम हलवलीत तर अलीकडचाही गेला, कान तेवढा झकास येतो! दोघं असतील तर विचारूच नका, दोघंही शार्प यायला भोक लहान करून एफ ४ तरी करावंच लागतं, मग १.२ चे पैसे कशाला ओतले?

स्टॅबिलायझेशनचंही तेच, ते आपला हात सांभाळतं, बोलता बोलता हलणाऱ्या माणसाला नाही, म्हणून मी तरी शटर १/१२५ सेकंदाहून हळू ठेवत नाही.

माझं विचाराल तर क्रॉप सेन्सरला (फुल फ्रेमहून लहान सेन्सर) ५० एमएम एफ १.८, फुल फ्रेमला ८५ एमएम एफ १.८. खोली लहान असेल तर ८५ नकोच, तिच्यात कमी जागा मावते आणि मागे सरकायला गेलं की भिंत लागते. डोळ्यावर फोकस धरणारा कॅमेरा असेल आणि बॅकग्राउंड अगदी विरघळलेलंच हवं असेल तर घ्या १.४, हौसेला मोल नाही.

आपल्याला एकच विनंती, पुरवणीत पोर्ट्रेट छापता तेव्हा फोटोग्राफरच्या नावाखाली लेन्स, अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ पण द्या ना, बारीक टायपात चालेल. नवीन लेन्स घेणाऱ्याला त्या एका ओळीतून जे कळेल ते कुठल्या जाहिरातीतून कळत नाही.

– एक वाचक