काकू, पाला कोरडा करायला शिकवलात त्याबद्दल

दांडिया बाजार, बडोदा

तीर्थस्वरूप काकूंना शि. सा. नमस्कार.

तुम्ही समोरच्या घरातून लेकीकडे नांदेडला राहायला गेलात तेव्हा सामानसुमान, निरोप आणि टेम्पोवाल्याची घाई यांत निवांत बोलणं झालं नाही. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितोय, कारण तुमच्याकडून शिकलेला मी एकटा नाही. शिवाय रोजच्या ताटात हिरवं कच्चं पान यावं असं वाटणारी, पण ते जमत नाही म्हणून सोडून देणारी पुष्कळ मराठी घरं बडोद्यात आहेत आणि बाहेरही आहेत. तुमची रीत त्यांच्यापर्यंत पोचावी.

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला. त्याच सुमारास डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की भात-पोळी थोडी कमी करा, हिरवा पाला वाढवा. आमच्याकडे पाला म्हणजे शिजवलेला: पालकाची ताकातली भाजी, मेथी परतून, नाहीतर शेपू मुगाची डाळ घालून. कच्चं म्हणून ताटात डावीकडे काकडी-टोमॅटोच्या चकत्या आणि लिंबाची फोड. त्या चकत्या जेवण संपेपर्यंत तशाच असायच्या, आणि त्यांच्याखाली पाण्याचं तळं. तुम्ही एकदा वाटी परत द्यायला आलात, ते ताट पाहिलंत आणि म्हणालात, "सॅलड कोणी खात नाही ते त्याला चव नसते म्हणून. आणि चव नसते ती पाण्यामुळे." दुसऱ्या दिवशी जुन्या सुती लुगड्याचे दोन तुकडे घेऊन तुम्ही हजर.

पाला धुण्याची तुमची पद्धत मी आजही जशीच्या तशी पाळतो. आधी निवडायचा, मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात सोडून हाताने हलवायचा आणि थोडा वेळ अजिबात धक्का लावायचा नाही. माती तळाशी बसते. मग पाला वरच्या वर हातांनी उचलून चाळणीत घ्यायचा. पातेलं चाळणीत ओतलं की तळाची सगळी माती पुन्हा पाल्यावर येते, हे तुम्ही ओतून दाखवलंत तेव्हाच पटलं. तळाशी रेती लागेनाशी होईपर्यंत पाणी बदलायचं, शेवटी नळाखाली धरायचा. आणि मग लुगड्याचा तुकडा पसरून त्यावर पाला, वर दुसरा तुकडा, हलक्या हाताने गुंडाळी, आणि गुंडाळी उभी धरून दोन-चार झटके. कापड ओलं होतं, पान कोरडं होतं. ओल्या पानावर तेल ठरत नाही, लिंबू-मीठ पाण्यात उतरून तळाशी जातं आणि तोंडात येतो तो नुसता पाला. दहा जणांना मी हे सांगितलं असेल, आणि दरवेळी वाटतं की सॅलडची अर्धी कला त्या कापडात आहे.

असा कोरडा केलेला पाला कापडासकट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला की तीन-चार दिवस टवटवीत राहतो, हेही तुमचंच. झटपट सॅलडचं झटपटपण इथून येतं. रविवारी सकाळी बाजार करून पाला धुऊन ठेवला की गुरुवारपर्यंत संध्याकाळी फक्त चिरायचं आणि कालवायचं. कुकरची वाफ जिरेपर्यंत वाडगा तयार होतो.

तुम्ही प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायचात, त्याचं मला फार मोल वाटतं. लग्न होऊन बडोद्याला आल्यावर तुम्ही सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान शिकलात. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, १९५० साली सुरू झालेली ती शाखा. बडोद्यातल्या किती घरांतल्या स्वयंपाकाला तिनं शास्त्र दिलं असेल! मीठ आधी घातलं तर ते पानातलं आणि काकडीतलं पाणी बाहेर ओढतं, म्हणून मीठ वाढायच्या क्षणी. पालकातलं बीटा कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, म्हणून बिनतेलाचं सॅलड ही काटकसर नव्हे. चमचाभर तेल किंवा दाण्याचं कूट नसेल तर शरीराला त्यातलं फार थोडं मिळतं. पाल्यातलं लोह नीट शोषलं जावं म्हणून लिंबू. कडू पानाला मीठ लागलं की कडवटपणा जिभेला कमी जाणवतो. हे एकदा कळलं की पाककृतीची वही लागत नाही. बाजारात जे मिळेल त्यातून होतं.

बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात हे कळल्यावर तुम्ही सॅलड शिकवायचं थांबवून मला आधी डॉक्टरांकडे पाठवलंत, त्याबद्दल वेगळे आभार. के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. एक दिवस ढीगभर पाला आणि चार दिवस काहीच नाही, असं चालत नाही, रोज साधारण सारखंच प्रमाण हवं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि बाबांची वाटी तेव्हापासून ठरलेली आहे. वरच्या मजल्यावरच्या दादांना मुतखडा होऊन गेलेला, त्यांना तुम्ही कच्च्या पालकाऐवजी कोबी आणि कांद्याची पात दिलीत. उत्साहाच्या भरात असल्या गोष्टी कोणी सांगत नाही. तुम्ही सांगितल्यात.

आता घोळाण्याबद्दल, म्हणजे तेल-कुटात घोळलेल्या कच्च्या पाल्याबद्दल. तुमच्या माहेरी मराठवाड्यात करडईच्या कोवळ्या पानांचा करतात, तो बडोद्यात मेथीचा झाला. मेथीची पानं खुडून जाडसर चिरायची, बारीक कांदा किंवा पात, दाण्याचं जाडं कूट, लाल तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. आपल्याकडे शिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचं, कारण इथे दुकानात पहिलं तेच असतं. घाण्याचं मिळालं तर वासच निराळा. हाताने हलकेच घोळायचं, कुस्करायचं नाही. कूट मात्र तेलानंतर, सगळ्यात शेवटी, नाहीतर ते ओल ओढून घेतं आणि गोळे होतात. ज्वारीच्या भाकरीबरोबर तर उत्तमच, पण गव्हाच्या गुजराती भाखरीबरोबरही ते इतकं खमंग लागतं की आई, जी कच्च्या मेथीला हात लावत नव्हती, ती आता स्वतःहून मागते. परदेशी पानांच्या महागड्या पाकिटांकडे लोक का धावतात ते मला समजत नाही. आपल्या घरात जुना, पूर्ण चवीचा हिरवा सॅलड आहे आणि तो करायला पोळ्या लाटून होईपर्यंतचाही वेळ लागत नाही.

फेसलेली मोहरी हा तुमचा दुसरा धडा. चमचाभर मोहरीची पूड, दोन चमचे थंड पाणी, आणि चमच्याने फेस येईपर्यंत घोटायचं. मग दहा मिनिटं झाकून ठेवायचं. तिखटपणा मोहरीत आयता नसतो, दाणा फुटून पाणी लागलं की तो तयार होतो. गरम पाणी घातलं तर होतच नाही, आणि दही-लिंबू घाईने घातलं तरी तो तिथेच थांबतो. दहा मिनिटांनी झाकण काढलं की नाकात झिणझिणी जाते, तेव्हा दही, चिमूटभर साखर आणि थोडं तेल. मोहरीमुळे तेल आणि दही फुटत नाही, छान एकजीव राहतं. बारीक चिरलेला कोबी, कोथिंबिरीचे कोवळे देठ, काकडीच्या फोडी, त्यावर हे. बाटलीतलं सॅलड ड्रेसिंग आमच्या घरातून त्या दिवसापासून गेलं. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचलं तर साखर वरच्या दोन-तीन नावांत असते. साखर कमी करायला निघालेल्या माणसानं ती पानावर ओतायची कशाला?

सगळ्यांत आनंदाचे दिवस थंडीचे. खंडेराव मार्केटची ती १९०६ ची इमारत, पुढे महापालिकेची कचेरी आणि मागे भाजी आणि फुलं. डिसेंबर उजाडला की तिथे लिलं, म्हणजे हिरवं पातीचं लसूण, लिली (ओली) हळद, पांढरी आंबेहळद, पाल्यासकट मुळे, सोलायचे हरभरे, सगळं एकदम येतं. भाजीवाल्या मासींच्या पाटीपुढे उभं राहून तुम्ही मुळ्याचं पान वाकवून बघायचात. कोवळ्या पानाचा देठ कट्‌कन मोडतो, जून पान नुसतं दुमडतं. मोठी पानं भाजीला, आतली कोवळी वाडग्यात. पालकाचंही तसंच. हळदीच्या बारीक चकत्या लिंबू-मिठात मुरवून तुम्ही बरणीत ठेवायचात, आणि रोजच्या सॅलडमध्ये त्यातल्या चमचाभर चकत्या त्यांच्या रसासकट पडायच्या. वेगळं लिंबू पिळायलाही नको. एका वाडग्याचं सगळं आंबट-खारट त्या बरणीत तयार असायचं. तुमच्यामागे मी ती बरणी चालू ठेवली आहे.

उत्तरायणाला गच्चीवर उंधियुं आणि जिलबी हे बडोद्यात ठरलेलंच. त्याच पंगतीत तुम्ही परात भरून लिल्या लसणाचं सॅलड आणलंत: लसणाची पात, कोवळी मेथी, सोलाणे, सुरतेकडून कोणीतरी आणलेला पोंक, वरून लिंबू आणि तीळ. पोंक म्हणजे आपला हुरडा, हे त्या दिवशी मुलांना कळलं. तेलातुपाच्या उंधियुंनंतर ते हिरवं, तिखट, करकरीत तोंडात आलं आणि पतंगाची फिरकी धरणारी पोरंसुद्धा वाटी पुढे करायला लागली. बाबांनी त्या दिवशी जिलबी एकच घेतली. मला सांगावं लागलं नाही.

पावसाळ्यात मात्र तुम्ही कडक. आषाढ लागला की कच्चा पाला बंद. पाणी साचलेल्या वावरातली माती पानांच्या बेचक्यात बसते, तिच्याबरोबर जंतांची अंडी येतात आणि ती नुसत्या धुण्यानं जातीलच असं नाही. त्या महिन्यांत पालक उकळत्या पाण्यातून अर्धा मिनिट काढून लगेच थंड पाण्यात, घट्ट पिळून दही आणि जिऱ्याची पूड. किंवा गुजराती शेजारणींकडून तुम्ही उचललेला कोबीचा संभारो: मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, हिरवी मिरची, आणि कोबी कढईत जेमतेम दोन मिनिटं, करकरीतपणा जाऊ न देता. आई म्हणायची की तुमच्या घरात चातुर्मास शास्त्रातून येतो. ऋतू पाहून खायचा हा नेम आमच्या घरात आता पक्का झालाय.

बाबांची तब्येत बरी आहे. ते आता स्वतः पाला निवडायला बसतात, बातम्या लावून, आणि पिवळं पान राहिलं तर मलाच दाखवतात. मुलीच्या शाळेच्या डब्यात घोळाणा जातो. कूट वेगळ्या पुडीत, तिथे कालवते. तिच्या मैत्रिणींपैकी दोघींच्या आयांनी कृती विचारली, म्हणजे तुमची रीत आता मांजलपूर आणि अलकापुरीपर्यंत पोचली. सौ. शाळेतून दमून येते तेव्हा ताटात काहीतरी ताजं असतं, त्याचं श्रेय ती मला देते आणि मी ते तुमच्याकडे पाठवतो.

काकू, तुम्ही शिकवणीचे पैसे घेतले नाहीत, उलट येताना कधी ओंजळभर तीळ, कधी कुंडीतला पुदिना घेऊन यायचात. आजारी माणसाच्या घरात शेजारी डबा देतात, तो आम्हालाही खूप जणांनी दिला आणि त्यांचे उपकार आहेतच. तुम्ही मात्र समोर उभं राहून माझ्या हातून करवून घेतलंत, आणि त्यामुळे आजही आमच्या घरी संध्याकाळी तो वाडगा भरतो. मनापासून आभार.

आता दोन कामं. तिकडे करडईची कोवळी पानं बाजारात आली असतील तर घोळाण्याला पानं किती कोवळी हवीत, बोटाच्या मापात, तेवढं कळवा. इथल्या एका मासींचा भाऊ पादरा गावाकडे शेती करतो, तो थोडी करडई पेरून बघायला तयार आहे. आणि एप्रिल-मे मध्ये मेथी-पालक उन्हानं लगेच मलूल पडतात, तेव्हा कैरी-काकडी-पुदिन्याखेरीज तुम्ही वाडग्यात काय घालायचात, ते फोनवर सांगितलंत तरी चालेल. संध्याकाळी सातनंतर मी स्वयंपाकघरातच असतो.

तुमचा,
समोरच्या दारातला