इंग्लंडात गेट लावताय? आधी कागद बघा

संपादक साहेब,

इंग्लंडात घर घेतलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय. इथे साधा नियम असा की गाडीरस्त्यालगतची भिंत नि गेट १ मीटरपर्यंत, बाकी ठिकाणी २ मीटरपर्यंत असेल तर प्लॅनिंग परमिशन, म्हणजे कौन्सिलची (इथल्या नगरपालिकेची) बांधकाम परवानगी, लागत नाही, पण ओपन-प्लॅन वसाहतीत, म्हणजे जिथे घरांपुढे नुसती हिरवळ असते नि कुंपणच नसतं, तिथे मूळ मंजुरीतच बऱ्याचदा ही सूट काढून टाकलेली असते, मग गुडघ्याएवढी भिंत पण अर्ज केल्याशिवाय चालत नाही. मी आपला गावच्यासारखं गेट लावून बसलो, काढावं लागलं! आणि कौन्सिल हो म्हणाली तरी खरेदीच्या कागदांत भिंत-गेटला मनाई करणारी वेगळी अट असू शकते, ती वकिलाकडून बघून घ्या.

– एक वाचक, लेस्टर