थकलेली बिले हीदेखील कपातच

संपादक महोदय,

सरकारने खर्चाला कात्री लावल्यास अर्थव्यवस्था मंदीत जाऊ शकते का, या प्रश्नावर वाचकांची परस्परविरोधी मते आपल्या सदरात अलीकडे वाचली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा नियम सरकारलाही लागू आहे, असे काहींचे म्हणणे आहे. तर सरकारने हात आखडता घेतला की बाजार बसलाच, असे इतरांना वाटते. इतिहासात दोन्ही बाजूंना पुरावे सापडतात. कपात कोणत्या वेळी झाली आणि कोणत्या खर्चाची झाली, यावर तिचा परिणाम ठरतो. त्यातही आपल्या राज्यात ज्या कपातीची सर्वांत जास्त धास्ती घ्यायला हवी, ती अर्थसंकल्पाच्या कोणत्याच पानावर लिहिलेली नसते, हे मला या पत्रातून मांडायचे आहे.

प्रथम वेळेविषयी. महामंदीतून सावरत असलेल्या अमेरिकेत १९३७ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांना अंदाजपत्रक समतोल करण्याची घाई झाली. सार्वजनिक कामांवरचा खर्च घटवण्यात आला, सामाजिक सुरक्षेसाठी पगारातून नवा कर त्याच वर्षी कापला जाऊ लागला आणि मध्यवर्ती बँकेनेही बँकांनी राखून ठेवायच्या निधीचे प्रमाण टप्प्याटप्प्याने दुप्पट केले. बेरोजगारी तोवर १४ टक्क्यांच्या आसपास उतरली होती. पुढच्या वर्षी ती १९ टक्क्यांवर गेली. यात दोष खर्चकपातीचा किती आणि बँकेच्या धोरणाचा किती, यावर अर्थतज्ज्ञांचे आजही एकमत नाही. मात्र एप्रिल १९३८ मध्ये दोन्ही धोरणे मागे फिरवली गेली आणि काही महिन्यांतच उत्पादन पुन्हा वाढू लागले, याबाबत वाद नाही.

ग्रीसची गोष्ट अधिक जवळच्या काळातील आणि अधिक कठोर आहे. २०१० नंतर कर्जाच्या बदल्यात पगार, निवृत्तिवेतन आणि सार्वजनिक गुंतवणूक यांत मोठी कपात त्या देशावर लादली गेली. अर्थव्यवस्था जवळपास एक चतुर्थांशाने आकसली आणि २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर पोहोचली. कर्जाचा बोजा हलका करण्यासाठी हे सारे झाले, पण राष्ट्रीय उत्पन्नच खाली आल्याने कर्जाचे त्याच्याशी असलेले प्रमाण २००९ मधील सुमारे १२७ टक्क्यांवरून काही वर्षांत १७५ टक्क्यांच्या पुढे गेले. खर्च एक युरोने कमी केला तर उत्पन्न साधारण अर्ध्या युरोने घटेल, असे गृहीत धरून युरोपसाठीचे अंदाज बांधले गेले होते. प्रत्यक्षातील घट ०.९ ते १.७ युरोंच्या दरम्यान असावी, असे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेच ऑक्टोबर २०१२ च्या अहवालात मान्य केले.

मग प्रत्येक कपातीनंतर मंदी येते का? मुळीच नाही. कॅनडाने १९९५ च्या अर्थसंकल्पात खर्चाला चांगलीच कात्री लावली, दोन-तीन वर्षांत तूट संपवली आणि मंदीही टाळली. मात्र तिथे व्याजदर उतरत होते, चलन स्वस्त होते आणि शेजारच्या अमेरिकेत कॅनडाच्या मालाला भरपूर मागणी होती. युरो वापरणाऱ्या ग्रीसकडे स्वस्त करायला स्वतःचे चलनच नव्हते. आपल्याकडेही केंद्राची राजकोषीय तूट २०२०-२१ मधील जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवरून २०२४-२५ मध्ये ४.८ टक्क्यांवर आली आणि तरीही अर्थव्यवस्था वाढतच राहिली. त्याचे एक कारण म्हणजे महासाथीनंतरची उसळी; दुसरे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे, म्हणजे या काळात अन्नधान्यावरील वाढीव अनुदानासारखे खर्च खाली आले तरी भांडवली खर्च, म्हणजे रस्ते, पूल, रेल्वे अशा टिकाऊ कामांवरचा खर्च, सुमारे सव्वाचार लाख कोटींवरून दहा लाख कोटींच्या घरात नेण्यात आला.

हाच भांडवली खर्च थोडा जरी अडखळला तर काय होते, याची चुणूक २०२४ मध्ये मिळाली. लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे एप्रिल ते जून या काळात केंद्राची कामे रेंगाळली. पुढच्या तिमाहीचा विकासदर जाहीर झाला तेव्हा तो ५.४ टक्के निघाला, म्हणजे बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा बराच कमी. चढे व्याजदर आणि शहरी ग्राहकांची मंदावलेली खरेदी ही कारणेही होतीच, आणि याला मंदी म्हणता येणार नाही; पण सरकारी कामे आणि बाजारातील उलाढाल यांचे नाते त्यातून स्पष्ट झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेच्या २०१३ मधील एका अभ्यासात भांडवली खर्चाचा गुणक, म्हणजे सरकारच्या एका रुपयाच्या खर्चामागे राष्ट्रीय उत्पन्नात पडणारी भर, २.४५, तर लोकांना थेट दिल्या जाणाऱ्या पैशांचा ०.९८ काढला होता. असे आकडे गणिताच्या पद्धतीनुसार बदलतात, त्यामुळे दशांशचिन्हापुढे फार विश्वास ठेवू नये. दोहोंतील अंतर मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता न लिहिलेल्या कपातीविषयी. पुणे जिल्ह्यातील काही लहान कंत्राटदारांचे हिशेब मी पाहतो. त्यांच्यापैकी एकाने पुरंदर तालुक्यात ओढ्यावरचा छोटा पूल बांधला. काम संपले, मोजमापे एमबीत (मोजमाप पुस्तिकेत) चढली, बिल मंजूरही झाले. पैसे मात्र आले नाहीत. विचारणा केली की 'बीम्सवर (राज्य शासनाच्या निधिवाटपाच्या संगणक प्रणालीवर) निधी आलेला नाही' एवढेच उत्तर मिळते. दरम्यान त्याचे बँकेकडचे कॅश क्रेडिट (खेळते कर्ज) मर्यादेला टेकले आणि त्याचे व्याज चालू राहिले. खडीवाल्याने उधारी बंद केली, शटरिंगचे भाडे थकले, आणि मुकादमाने आपली माणसे चाकणकडे खासगी कामावर नेली. या कंत्राटदाराने नंतर निघालेली एकही निविदा भरली नाही. अर्थसंकल्पातील तरतूद होती तशीच आहे, एका रुपयाचीही कपात जाहीर झालेली नाही, आणि तरीही त्या पुलाभोवतीच्या दहा-बारा घरांपुरती मंदी येऊन गेली.

याचे मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. आपले सरकारी हिशेब रोखीच्या तत्त्वावर ठेवले जातात. तिजोरीतून पैसा बाहेर पडला तरच तो खर्च. काम झाले, देणे निर्माण झाले, पण चेक निघाला नाही, तर मार्चअखेरची तूट तेवढी कमी दिसते. कोणत्याही खासगी कंपनीच्या लेखापरीक्षकाने असा ताळेबंद परत पाठवला असता. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज थांबवता येत नाही, दरमहा खात्यात जाणारी मदत थांबवणे राजकीयदृष्ट्या परवडत नाही. उरतात ती बांधकामाची बिले. म्हणजे ज्या खर्चाचा गुणक सर्वांत मोठा, त्याच्यावरच पहिला घाला पडतो. एका राज्याच्या थकबाकीने देश मंदीत जाणार नाही, हे मला मान्य आहे. पण देशातील एकूण सरकारी खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च राज्ये करतात, आणि खासगी मागणी आधीच मंद असताना अनेक राज्यांनी एकाच वेळी हा मार्ग धरला, तर त्याचा परिणाम १९३७ च्या जाहीर कपातीपेक्षा वेगळा का असावा?

तिजोरीची बरी दिसणारी स्थिती आणि जनतेची बरी स्थिती यांत गल्लत करू नये, हे पुण्याच्याच गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सांगितले होते. दुष्काळ आणि प्लेगने लोक पिचलेले असताना सरकारच्या हाती सात कोटींची शिल्लक राहिली, याबद्दल अर्थसदस्याचे अभिनंदन करायला त्यांनी नकार दिला. अशी शिल्लक मुळात उरणे हाच समाजावर अन्याय आहे, आणि तिच्यामुळे सुबत्तेचा खोटा समज पसरतो हा दुसरा, असा त्यांचा मुद्दा होता. बिले अडकवून घटवलेली तूटही मला त्याच जातीची वाटते.

याउलट वाईट वर्षात सरकारी खर्च आपोआप वाढावा, अशी सोय महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी केली होती. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी योजना पाऊस पडला की आटोपती घेतली जाई आणि तो नसला की फुगत असे. तिच्यात अर्थमंत्र्यांच्या मर्जीची वाट पाहावी लागत नसे.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. राज्याच्या जमाखर्चाचे मासिक आकडे महालेखापालांकडून प्रसिद्ध होतात. त्यांतील भांडवली खर्चाचा आकडा, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेसह, दरमहा अर्थविषयक पानावर छापावा. आणि मंजूर होऊनही न दिलेल्या बिलांची खातेनिहाय रक्कम शासनाने तिमाहीला जाहीर करावी, यासाठी आपल्या प्रतिनिधींनी पाठपुरावा करावा.

आपला,
एक लेखापाल वाचक
कर्वेनगर, पुणे