धुराडं मीच बंद केलं होतं

चि. माई हिस
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू न जेवता सकाळच्या कराड गाडीनं निघून गेलीस. तेव्हापासून फोनवर आपलं 'बरं आहे ना, बरं आहे' एवढंच चाललंय. मला फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. मंगळवारी आईला कराडला छातीच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. घाबरण्यासारखं नाही. पोरीला कळवू नका म्हणून तिनं बजावलंय, तेव्हा खोकल्याचं इथंच सोडतो.

चूल काढायची ठरवलीय.

"आबा, हिला निर्धूर कशाला म्हणता? धुराडं तर तुम्हीच बंद केलंय," असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. काकूपण तिथंच होती. ते मला लागलं. १९९२ ला पंचायत समितीच्या योजनेतून ती चूल बसली तेव्हा तू पोटात होतीस. दोन भांड्यांची चूल, वैलामागून म्हणजे मागच्या भांड्याच्या जागेमागून सिमेंटचा पाइप थेट कौलांच्या वर. पहिल्या दिवशी नाना अंगणात उभे राहून पाइपातून निघणारा धूर बघत होते, जणू घरात आगगाडी आली. पुढं २००५ च्या पावसात पाइपाचा वरचा तुकडा फुटला, पाणी वैलात गळायला लागलं. मी भोकावर पत्रा ठोकला. चार दिवसांपुरता म्हणून. तो अजून तिथंच आहे.

डेपोत काळा धूर टाकणारी गाडी मी कधी लाइनवर सोडली नाही. नोझल उतरव, एअर क्लीनर बघ, डिझेल पुरतं जळत नाही म्हणजे कुठंतरी बिघाड आहे, एवढं शिकाऊ पोरालाही कळतं. आणि घरी आलो की सोप्यात बसून 'चहा टाक' म्हणायचो. धूर स्वयंपाकघरात असायचा, मी सोप्यात.

डॉक्टरांनी तिला विचारलं, तंबाखू, विडी काही? ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग यंत्राच्या नळीत सलग सहा सेकंद फुंकायला सांगितलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा मधेच खोकला आला. माई, पाटणच्या पावसात भिजलेलं जळण फुंकणीनं पेटवणारी बाई ती. डॉक्टर म्हणाले, पुरुषांना विडीनं होतं तेच बायकांना चुलीच्या धुरानं होतं. कागदावर सीओपीडी लिहिलंय, म्हणजे श्वासनळ्या आवळून दम लागायचा जुनाट आजार. ओढायचा पंप दिलाय. बघ, सोडतो म्हटलं आणि परत तिथंच आलो.

परवा ती शेजारी गेली तेव्हा बॅटरी घेऊन चुलीसमोर बसलो. बाहेरून चूल अगदी नवी. रोज पोतेरं फिरवते ना. आत मात्र पार खाल्लेली. जाळ वैलाकडं जातो ते भोक दोन बोटांचं होतं, आता मूठ जाते. भांडं बसायची कड झिजलीय, पातेलं कलतं आणि खालून बोटभर फट राहते, सगळा धूर तिथून तोंडावर. मोळी पूर्वी तीन दिवस पुरायची, आता दीड दिवसात संपते. हे ती कधीपासून सांगत होती. 'जळण लई लागतंय' म्हणायची आणि मी अजून एक मोळी आणून टाकायचो.

गोबरगॅसची चौकशी केली. दोन घनमीटरला रोज पन्नास किलो शेण लागतं, आपली एकटी म्हैस पंधरा देईल. तो विषय संपला. स्वयंपाक सगळा गॅसवर आणि आंघोळीच्या पाण्यापुरती नवी चूल मागच्या पडवीत, उघड्यावर, पाइपासकट. आई म्हणते गॅसवरची भाकरी फुगत नाही, आणि सिलिंडर काय फुकट येतोय? त्यावर मी गप्प बसतो. पेन्शनीतून भागेल.

तुझ्या गॅसची नळी बघून घे. वर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांनी बदलायचीच. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करत जा, खिडकी उघडी ठेवत जा, आणि ऑफिसातून दमून आल्यावर... जाऊ दे. मी कोणत्या तोंडानं सांगतोय? तू वीज गेल्यावर चुलीच्या उजेडात दहावीचा भूगोल पाठ करायचीस, डोळे चोळत. मी म्हणायचो, पोरगी रडतेय की काय अभ्यास बघून. त्याच दहावीला तू केंद्रात पहिली आलीस. डेपोत पेढे मी वाटले, हे आठवतंय. डोळ्यांचं कधी विचारलं नाही.

येताना जाड बिडाचा तवा आण, इथं मिळतात ते हलके आहेत. चूल तू आल्यावरच फोडू.

तुझे
आबा

ता. क. फोनवर तिला खोकल्याचं विचारू नकोस, ती 'काही नाही' म्हणून ठेवून देईल. नव्या चुलीचं विचार. तावातावानं भांडेल, बराच वेळ बोलेल. मधे किती वेळा थांबते तेवढं मोज आणि मला कळव.